युरेकाचे स्मारक : परवान्याचा जाच आणि मताचा हक्क

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातील व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या पश्चिमेस सुमारे ११५ किलोमीटरवर बॅलरॅट हे शहर वसलेले असून, त्याच्या पूर्व भागातील साध्या, बैठ्या घरांच्या वस्तीत राखलेल्या एका उद्यानात युरेका स्मारक उभे आहे. ३ डिसेंबर १८५४ रोजी, रविवारच्या पहाटे, ब्रिटिश सैनिक व पोलीस आणि सोने खणणारे बंडखोर यांच्यात या परिसरात चकमक झाली. ती जेमतेम पंधरावीस मिनिटे चालली असली, तरी ज्या तक्रारीतून ती उद्भवली त्या तक्रारीला तीन वर्षांचा इतिहास होता. जमिनीत सोने सापडो वा न सापडो, ते शोधण्याच्या नुसत्या मुभेसाठी सरकारला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी लागे आणि ती रक्कम ठरवणाऱ्या विधिमंडळात ती भरणाऱ्याला मत नसे, हे त्या तक्रारीचे मर्म होते. म्हणून या स्मारकाकडे रणस्तंभ म्हणून पाहण्यापेक्षा, कर आणि प्रतिनिधित्व यांच्या नात्याविषयीचा दगडात कोरलेला एक दस्तऐवज म्हणून पाहणे अधिक उचित ठरते.

मेलबर्नहून बॅलरॅटला जाणारी रेल्वे ज्या स्थानकातून सुटते त्याचे नाव ‘सदर्न क्रॉस’, म्हणजे दक्षिण गोलार्धात दिसणारा त्रिशंकूचा तारकासमूह. बंडखोरांच्या ध्वजावरही हेच तारे होते. महानगराची पश्चिमेकडील उपनगरे मागे पडल्यावर सपाट माळ लागतो, बॅकस मार्शच्या पुढे गाडी चढणीला लागते आणि बॅलनपाशी दोन्ही बाजूंना मेंढ्यांची विस्तीर्ण कुरणे दिसू लागतात. हा मुलूख मुळात वाडावरुंग या आदिवासी समाजाचा; १८३०च्या दशकापासून मेंढपाळ जमीनदारांनी तो त्यांच्याकडून हिरावून घेतला. या जमीनदारांना त्या काळी ‘स्क्वॉटर’ म्हणत, कारण त्यांनी सरकारी मानल्या गेलेल्या जमिनीवर आधी ठाण मांडले होते आणि तिचा पट्टा नंतर मिळवला होता. पुढच्या संघर्षाचे कारण समजून घ्यायचे तर ही कुरणे नजरेआड करून चालत नाही. कारण १८४७च्या नियमांनुसार चार हजार मेंढ्या चरतील एवढ्या कुरणासाठी जमीनदार वर्षाला १० पौंड देत असे, तर काही फूट लांबीरुंदीचा जमिनीचा तुकडा खणणाऱ्या माणसाकडून सरकार वर्षाकाठी १८ पौंड वसूल करू लागले.

हा दर ठरला तो १८५१ साली. त्या वर्षाच्या १ जुलैला व्हिक्टोरिया ही न्यू साउथ वेल्सपासून वेगळी वसाहत झाली आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांतच क्लून्स, बॅलरॅट आणि माउंट अलेक्झांडर येथे सोने सापडल्याच्या बातम्या पसरल्या. मेंढ्या राखणारे, जहाजांवरचे खलाशी, दुकानांतले कारकून आणि पोलीसदेखील कामे टाकून डोंगरांकडे निघाले. वसाहतीची लोकसंख्या १८५१ साली सुमारे ७७ हजार होती, ती दहा वर्षांत सुमारे ५ लाख ३८ हजारांवर गेली. इंग्रजी कायद्यानुसार जमिनीतील सोने राजसत्तेच्या मालकीचे असल्याने लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स जोसेफ ला ट्रोब यांनी १ सप्टेंबर १८५१पासून सोने खणण्यासाठी दरमहा ३० शिलिंगांचा परवाना सक्तीचा केला. त्या काळच्या चलनात २० शिलिंगांचा एक पौंड होई, म्हणजे परवाना दीड पौंडाचा झाला. शुल्कामागे दोन हेतू होते : वाढत्या प्रशासनाचा खर्च भागवणे, आणि नोकऱ्या सोडून खाणींकडे धावणाऱ्या मजुरांना थोपवणे. दुसरा हेतू खाणकऱ्यांना नीट कळला होता. त्यामुळे हे शुल्क त्यांना सेवेचा मोबदला न वाटता श्रमावर बसवलेला दंड वाटू लागले.

विरोधाची पहिली मोठी सभा बॅलरॅटला झाली नाही. बॅलरॅटच्या ईशान्येस, कॅसलमेन गावाजवळच्या च्यूटन येथे, फॉरेस्ट क्रीक या ओढ्याकाठी एका मेंढपाळाची जुनी झोपडी होती. १८५२च्या आरंभापासून शुल्क दुप्पट, म्हणजे दरमहा ३ पौंड होणार, असे सरकारने जाहीर करताच १५ डिसेंबर १८५१ रोजी त्या झोपडीपाशी सुमारे पंधरा हजार माणसे जमली आणि वाढीव शुल्क न भरण्याचा ठराव त्यांनी शांतपणे संमत केला. इतिहासात ‘मॉन्स्टर मीटिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही विराट सभा लवकर विसरली गेली, कारण तिथे रक्त सांडले नाही. मात्र सरकारने शुल्कवाढ मागे घेतली हे ध्यानात घेता, तात्काळ फळ पाहिले तर तीच अधिक यशस्वी ठरते. दीड वर्षाने, १८५३च्या मध्यास, उत्तरेकडील बेंडिगोच्या खाणकऱ्यांनी शुल्क दरमहा १० शिलिंगांवर आणावे असा अर्ज केला आणि विरोधाची खूण म्हणून टोप्यांना लाल फिती बांधल्या. हजारो सह्यांचे कागद एकापुढे एक जोडून, हिरव्या रेशमी कापडात बांधून सादर केलेला तो सुमारे १३ मीटर लांबीचा अर्ज आज मेलबर्नच्या राज्य ग्रंथालयात जतन केलेला आहे. त्या वर्षाच्या अखेरीस मासिक शुल्क एक पौंडावर आले, पण ते आकारण्याचे तत्त्व आणि वसुलीची रीत तशीच राहिली.

बॅलरॅटच्या स्थानकातून बाहेर पडल्यावर लिडियर्ड स्ट्रीट या जुन्या रस्त्यावर सोन्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या बँका, नाट्यगृह आणि कलादालन यांच्या भारदस्त इमारती दिसतात. जवळच्या एका रस्त्याला अजूनही ‘कॅम्प स्ट्रीट’ म्हणतात, कारण १८५४ साली सरकारी छावणी या पठारावर होती. येथून पूर्वेकडे पाहिले की जमीन उतरत गेलेली आणि पलीकडे बेकरी हिलचा उंचवटा दिसतो. त्या उतारावर आणि खालच्या सखल भागात खाणकऱ्यांचे तंबू पसरलेले होते. अधिकारी वर आणि खाणकरी खाली, ही भूरचना त्या काळच्या सत्तेच्या मांडणीशी इतकी जुळते, की पुस्तकातून लक्षात न येणारी एक गोष्ट येथे चालताना उमजते : छावणीतून निघालेली पोलिसांची प्रत्येक तुकडी उतारावरून खाली येताना खाणकऱ्यांना दुरूनच दिसत असे. ती दिसताच पहिले लेफ्टनंट गव्हर्नर ला ट्रोब यांच्या ‘जोसेफ’ या नावावरून ‘जो, जो’ अशी आरोळी उठे आणि परवाना नसलेली माणसे खाणीच्या खड्ड्यांत दडत.

बॅलरॅटला हा जाच अधिक का झाला, याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे. ओढ्यांच्या काठचे वरवरचे सोने संपल्यावर येथील खाणकऱ्यांनी ‘डीप लेड’, म्हणजे लाव्हारस आणि गाळ यांच्या थरांखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन नद्यांची पात्रे शोधायला सुरुवात केली. त्यासाठी शंभर फुटांहून खोल विहिरीसारखे खड्डे खणावे लागत, बाजू लाकडी फळ्यांनी सावराव्या लागत, आणि झिरपणारे पाणी रात्रंदिवस उपसावे लागे. आठदहा जणांची भागीदारी कित्येक महिने राबे आणि शेवटी खड्डा नदीच्या पात्राला न लागता बाजूला गेला असे आढळे. या काळात उत्पन्न शून्य असले तरी प्रत्येक भागीदाराचे परवाना शुल्क चालूच राही, आणि परवाना कायम अंगावर बाळगण्याचा नियम असल्यामुळे चिखलपाण्यात काम करणाऱ्याला तो कागद भिजण्यापासून वाचवावा लागे. जो तो दाखवू शकत नसे त्याला दंड होई, आणि कोठडीत जागा नसली की झाडाला किंवा ओंडक्याला साखळीने बांधून ठेवले जाई. जून १८५४मध्ये आलेले नवे लेफ्टनंट गव्हर्नर सर चार्ल्स हॉथम यांनी रिकाम्या तिजोरीवर उपाय म्हणून आठवड्यातून दोनदा परवान्यांची झडती घेण्याचा आदेश दिला, तेव्हा करवसुलीला शिकारीचे रूप आले. खाणकरी तिला ‘परवान्यांची शिकार’ असेच म्हणत.

असंतोषाचा भडका मात्र एका खुनावरून उडाला. ७ ऑक्टोबर १८५४ रोजी जेम्स स्कोबी हा स्कॉटिश खाणकरी युरेका हॉटेलजवळ मारला गेला, संशय हॉटेलमालक जेम्स बेंटलीवर होता आणि त्याचा स्नेही असलेल्या दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयाने त्याला सोडून दिले. १७ ऑक्टोबरला निषेधासाठी जमलेल्या जमावाने ते हॉटेल जाळले. पुढे बेंटलीवर फेरखटला होऊन त्याला शिक्षा झाली, पण जाळपोळीसाठी तीन खाणकऱ्यांनाही तुरुंगात टाकण्यात आले. ११ नोव्हेंबरला बेकरी हिलवर सुमारे दहा हजारांच्या सभेत ‘बॅलरॅट रिफॉर्म लीग’ या सुधारणा संघाची स्थापना झाली. त्याचा चिटणीस जे. बी. हम्फ्रे हा वेल्समधून आलेला आणि चार्टिस्ट विचारांचा होता. चार्टिस्ट चळवळ म्हणजे १८३८नंतर ब्रिटनमधील कामकरी वर्गाने सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार, गुप्त मतदान आणि सभासदांना वेतन अशा मागण्यांची सनद पुढे करून उभारलेली चळवळ. बॅलरॅटच्या सनदेत गुप्त मतदान सोडून याच मागण्या उतरल्या, त्यांना परवाना रद्द करण्याची मागणी जोडली गेली, आणि लोकांना स्वतः मान्य न केलेले कायदे पाळायला लावणे व कर भरायला लावणे हा जुलूम आहे, अशा आशयाचे विधान तिच्यात आले.

बेकरी हिल आज दुकाने आणि वाहनांनी वेढलेली आहे, आणि तेथील लहानशा मोकळ्या जागेवर फडकणारा निळा ध्वज नसता तर तेथे काही घडले असेल अशी शंकाही आली नसती. २९ नोव्हेंबरला हा ध्वज येथे प्रथम उंच खांबावर चढला आणि सभेत परवाने जाळण्यात आले. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्याच दिवशी आयुक्त रॉबर्ट रीड यांनी पुन्हा झडती घेतली; त्यानंतर समजुतीची भाषा बोलणारा हम्फ्रे मागे पडला आणि पीटर लॉलर हा सत्तावीस वर्षांचा आयरिश तरुण पुढे आला. त्याच्या सांगण्यावरून जमलेल्यांनी गुडघे टेकून, एकमेकांच्या पाठीशी राहण्याची आणि आपल्या हक्कांसाठी लढण्याची शपथ ध्वजाखाली घेतली व युरेका भागाकडे कूच करून खाणीच्या फळ्या आणि उलटवलेल्या गाड्या यांची एक कामचलाऊ तटबंदी उभारली. इंग्रजीत अशा लाकडी कुंपणाला ‘स्टॉकेड’ म्हणतात आणि त्यावरूनच हे बंड युरेका स्टॉकेड म्हणून ओळखले जाते. आत आयरिश बहुसंख्य असले, तरी इटलीचा रॅफाएलो कार्बोनी, हॅनोव्हरचा फ्रेडरिक व्हर्न आणि कॅनडाचा हेन्री रॉस यांच्यासारखे अनेक देशांचे लोक या लढ्यात होते.

युरेका उद्यानातील स्मारक १८८०च्या दशकात नागरिकांच्या पुढाकाराने उभे राहिले. गवताळ उंचवट्यावर दगडी चौथरा, त्यावर निमुळता होत गेलेला स्तंभ आणि चार कोपऱ्यांवर चार तोफा, अशी त्याची रचना आहे. तोफा शोभेसाठी ठेवल्या असल्या तरी त्या पाहणाऱ्याची दिशाभूल करतात, कारण तटबंदीत एकही तोफ नव्हती. काही बंदुका, पिस्तुले आणि लोहारांनी घाईने घडवलेले भाले एवढीच शस्त्रे होती. शनिवारी रात्री बहुतेक खाणकरी आपापल्या तंबूंत परतले, कारण रविवारी हल्ला होणार नाही असा त्यांचा समज होता. आत दीडशेच्या आसपासच माणसे उरली. कॅप्टन जे. डब्ल्यू. थॉमस यांच्या हाताखालील २७६ सैनिक व पोलिसांनी पहाटे चाल करून तटबंदी काही मिनिटांत मोडली आणि शरण आलेल्या व जखमी झालेल्या माणसांवरही पोलिसांनी नंतर वार केले. किमान २२ बंडखोर आणि ५-६ सैनिक प्राणाला मुकले. डावा हात गोळीने चिंधडलेल्या लॉलरला ओंडक्यांखाली लपवण्यात आले, पुढे तो हात कापावा लागला आणि त्याला पकडून देणाऱ्यास २०० पौंडांचे बक्षीस जाहीर झाले. मूळ तटबंदीची नेमकी रेषा अभ्यासकांमध्ये वादाचा विषय राहिली असून, स्मारक त्या परिसरात आहे एवढेच निश्चितपणे म्हणता येते. त्याच्या लेखात मात्र स्वातंत्र्यासाठी पडलेले खाणकरी आणि कर्तव्य बजावताना पडलेले सैनिक या दोघांनाही मान दिलेला आहे.

शेजारच्या युरेका केंद्रात मंद प्रकाशात मूळ ध्वज पाहायला मिळतो. निळ्या लोकरी कापडावर पांढरा क्रूस आणि पाच अष्टकोनी तारे, असा तो साधा आहे; ब्रिटिश ध्वजाची कोणतीही खूण त्यावर नाही. चकमकीनंतर जॉन किंग या पोलिसाने तो खाली खेचला, त्याच्या कुटुंबाने तो जपला आणि १८९५ साली बॅलरॅटच्या कलादालनाकडे सोपवला. आठवण म्हणून लोकांनी वेळोवेळी तुकडे कापून नेल्यामुळे त्याचा बराच भाग आज नाही. कामगार संघटनांपासून स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या गटांपर्यंत परस्परविरोधी पक्षांनी पुढे हेच चिन्ह उचलले, हे लक्षात घेतले म्हणजे या ध्वजाचा अर्थ अजून ठरलेला नाही, हे मान्य करावे लागते.

शहराच्या उत्तरेकडील जुन्या दफनभूमीत दोन स्मारके एकमेकांपासून फार दूर नाहीत. खाणकऱ्यांचे स्मारक जिलॉंगच्या जेम्स लेगॅट या पाथरवटाने १८५६ साली भेट दिले आणि त्यावरील लेखात सरकारचे वर्तन घटनाबाह्य होते असे स्पष्ट म्हटले आहे. सैनिकांचे स्मारक त्यानंतरचे. त्यात सैनिकांच्या कर्तव्यनिष्ठेचा गौरव आहे, पण ज्यांच्यावर ते चालून गेले त्या खाणकऱ्यांना ‘बंडखोर’ न म्हणता अन्याय सोसलेले लोक म्हटले आहे, हे विशेष. चकमकीत पडलेल्या आणि येथे पुरलेल्या कॅप्टन हेन्री वाइजची पलटण चाळिसावी होती, आणि मराठी वाचकाला तिची आणखी एक ओळख आहे : २९ डिसेंबर १८४३ रोजी ग्वाल्हेरजवळ महाराजपूर येथे शिंद्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईत हीच पलटण इंग्रजांकडून लढली होती. ग्वाल्हेर दरबाराला नमवणारे दल अकरा वर्षांत इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्या खाणकऱ्यांवर धाडले जाते, यावरून साम्राज्याच्या सैन्याचे काम सर्वत्र किती सारखे होते हे दिसते.

लढाई हरली, पण मागण्या हरल्या नाहीत. १३ जणांवर राजद्रोहाचे खटले भरले गेले. पहिला आरोपी जॉन जोसेफ हा अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय होता, आणि १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मेलबर्नच्या ज्यूरींनी त्याच्यासह सर्वांना निर्दोष ठरवले. चौकशी आयोगाच्या शिफारशीवरून मासिक परवाना रद्द झाला, त्याजागी वर्षाला एक पौंडाचा ‘मायनर्स राइट’, म्हणजे खाणकऱ्याचा हक्कदाखला आला, आणि महसुलाची तूट भरून काढण्यासाठी निर्यात होणाऱ्या सोन्यावर औंसामागे अडीच शिलिंग कर बसवण्यात आला. या बदलातील तत्त्व महत्त्वाचे आहे : पूर्वी शोधणारा कर देई, आता ज्याला सापडले तो देऊ लागला, शिवाय हक्कदाखला धारण करणाऱ्याला मताधिकार मिळाला. १८५५च्या अखेरीस लॉलर आणि हम्फ्रे विधिमंडळात गेले, १८५६ साली व्हिक्टोरियात गुप्त मतदान आणि १८५७ साली कनिष्ठ सभागृहासाठी प्रौढ पुरुषांचा मताधिकार आला. स्टर्ट स्ट्रीटवर १८९३ साली बसवलेला लॉलरचा पुतळा सभापतीच्या पोशाखात आहे, कारण पुढे तो विधानसभेचा सभापती झाला. पुतळ्याखाली उभे राहणाऱ्याला हेही माहीत असावे, की १८७३ साली क्लून्सच्या ज्या लोथेर खाणीत संप मोडण्यासाठी चिनी मजूर आणण्याचा प्रयत्न झाला तिच्या संचालकांत तो होता.

युरेकाच्या वारशाची खरी परीक्षा या चिनी माणसांच्या संदर्भातच होते. ज्या आयोगाने गोऱ्या खाणकऱ्यांचा परवाना रद्द करायला सांगितले त्यानेच चिनी स्थलांतर रोखण्याची शिफारस केली, आणि १८५५च्या कायद्याने व्हिक्टोरियात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी प्रवाशावर १० पौंडांचा कर बसवला गेला. तो टाळण्यासाठी हजारो चिनी शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातील रोब या बंदरात उतरले आणि तेथून शेकडो किलोमीटर पायी चालत बॅलरॅट व बेंडिगोला पोहोचले. पुढे त्यांच्यावर निवासकरही लादण्यात आला. १८५९ साली त्यांनी तो भरण्यास नकार दिला आणि त्यासाठी अनेकांनी तुरुंगवास पत्करला. निःशस्त्रपणे, कायद्याचा दंड स्वीकारून चाललेला हा विरोध च्यूटनच्या सभेशी अधिक जवळचा होता. पण ज्यांना मत होते त्यांना तो आपला वाटला नाही. रोबच्या किनाऱ्यावर या पदयात्रींचे स्मारक आहे आणि २०१७ साली व्हिक्टोरिया सरकारने त्या कराबद्दल चिनी वंशाच्या नागरिकांची जाहीर माफी मागितली.

बॅलरॅटला जाणाऱ्या प्रवाशाने म्हणूनच युरेका उद्यानाबरोबर दफनभूमीतील दोन्ही स्मारके, च्यूटनचा ओढा आणि जमल्यास रोबचा किनारा हे सारे एकाच प्रवासात पाहावे. युरेकाने कर देणाऱ्याला मत मिळवून दिले, ही गोष्ट मोठीच आहे; परंतु ज्यांना मत नाकारले त्यांच्यावर लगेच दुसरा कर बसवला गेला, ही गोष्टही तितकीच खरी आहे. मताधिकार नसलेल्यांवर कर लादणे हा अन्याय आहे, हे युरेकाचे तत्त्व बरोबर होते. ते सर्वांना लागू करण्यास मात्र वसाहत तयार नव्हती, हाच या स्मारकाविषयीचा न्याय्य निष्कर्ष होय.